अळवावरचं पाणी, पण तार सुटणारं!

फायनल इयरचा प्रोजेक्ट तयार विकत आणणं आता कुणाला खटकतही नाही. मला खटकतं. करण्यासारखं तर परसातल्या अळूवरही आहे.

अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे, त्यांवर मेणाचा थर. थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा. स्पर्शकोन १५० अंशांच्या आसपास. कमळाच्या पानाचं हेच गुपित बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली मांडलं.

आता पाण्यात लांब साखळ्यांचं पॉलिमर विरघळवा. थेंब मागे सरकताना टोकाटोकाशी द्रवाचा पूल ताणला जातो. नुसत्या पाण्याचा पूल पटकन तुटतो. पॉलिमरच्या साखळ्या ताणल्या जाऊन तो धरून ठेवतात. पाणी उडालं की उरतो बारीक धागा. भेंडी चिरताना सुटते ना तार, तिचीच ही बहीण! इलेक्ट्रोस्पिनिंगला हजारो व्होल्ट लागतात, इथे एकही नाही.

द्रावण किती दाट केल्यावर तार टिकते, कधी तिचे मणी होतात? चौघांना वर्षभर पुरेल एवढं काम आहे. आणि सर, धागा नाही जमला तरी केलेल्या कामाला मार्क द्या. विकतच्या प्रोजेक्टचं ज्ञान म्हणजे व्हायव्हा संपेपर्यंतचं अळवावरचं पाणीच!