बदकाचा रिमोट

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल, काही सांगता येत नाही. यंदा भिवंडीला माहेरचा माळा उपसताना एक खोकं हाती लागलं. आत पिवळी कॅसेट, दोन रिमोट आणि वायर लावलेली प्लॅस्टिकची बंदूक! नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्या मैत्रिणींना लगेच आठवेल. ‘डक हंट’! गवतातून बदक फडफडत उडायचं, तीन गोळ्यांत ते पाडायचं. नाही पडलं तर तो मेला कुत्रा गवतातून डोकं वर काढून खी खी हसायचा.

लेकीने उत्साहाने गेम नव्या टीव्हीला जोडला. बदक उडालं, पण पडेना. अगदी पडद्याला नळी टेकवली, तरी कुत्रा हसतोच. शेवटी रिपेअरिंगवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, “ताई, बंदूक चांगली आहे, तुमचा टीव्ही बदललाय.”

गंमत अशी की या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट, ती बघते. तिच्या नळीत उजेड ओळखणारा छोटा पार्ट असतो. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. आपल्या डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. बंदुकीला तो नेमक्या वेळी दिसला की बदक पडलं! जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीवर चित्र लगेच उमटायचं. आताचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित वेळ घेतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ हुकते. जपानच्या निन्टेंडो कंपनीने हा खेळ 1984 मध्ये काढला. आमच्याकडे होती ती अर्थातच त्याची नक्कल, बाजारातून घासाघीस करून आणलेली.

आणली ती दादाच्या हट्टापायी. आईला घरात बंदूक नकोच होती, खेळण्यातलीसुद्धा. 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पेटली, तेव्हा मी दोन महिन्यांची होते. कर्फ्यूतल्या त्या रात्री आई कधी विसरली नाही. पण बारा वर्षांनी दादाने दोन दिवस जेवण सोडलं आणि तिचा नियम वाकला. दादापुरताच हं! मी हात पुढे केला की तोच नियम पुन्हा ताठ. “मुलीच्या जातीला बंदूक कशाला?”

रविवारी गल्लीतली सगळी पोरं आमच्या खोलीत. बाहेर मागांचा खटखटाट, आत धडाधड गोळीबार. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जायची, माझा नंबर यायच्या आत लाइट जायची नाहीतर हाक यायची, “पाणी आलंय गं!” पाणी भरायला दादाला कोणी हाक मारली नाही.

एकदा मी फारच कटकट केली, तेव्हा दादाने मला गप्प करायला दुसरा रिमोट हातात दिला. “घे, तू हा धर.” मी उगाच बाणाचं बटण दाबलं आणि काय सांगू, बदक वळलं! एकच बदक उडतं त्या खेळात बदक दुसऱ्या रिमोटने हलवता येतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते बदक असं काही नाचवलं की दादाच्या तिन्ही गोळ्या वाया. कुत्रा हसला, पोरं हसली. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “रिमोट धर, पण काही दाबू नकोस.”

मुलींच्या हातात बंदूक शोभत नाही म्हणणाऱ्यांना नावं सांगता येतील. अंजली भागवत 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, तिथल्याच राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. पण माझा मुद्दा तो नाही. पदक मिळणार असेल तर आपण मुलीला बंदूकसुद्धा देऊ, हौसेने फोटो काढू. क्लास लावू. पण तिला काहीही न मिळवता नुसता तासभर टाइमपास करायचा असेल तर? मुलगा मोबाइलवर मित्रांबरोबर ठो ठो करत बसला की आपण म्हणतो, दमलाय, जरा डोक्याला विरंगुळा. मुलीच्या हातात तोच मोबाइल दिसला की, अभ्यास झाला का? कोणाशी बोलतेस? भांडी आवरलीस?

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. गेल्याच महिन्यात मी माझ्या लेकीला हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारले. ती शांतपणे म्हणाली, “आई, दादाला पण विचार ना.” विचारलं नव्हतं मी.

आणि आपलं स्वतःचं? माझी आई दुपारभर कांड्या भरायची, संध्याकाळी स्वयंपाक. टीव्ही तिच्याच खोलीत, आवाज तिच्याच कानात. ती बंदूक तिने एकदाही हातात घेतली नाही. तिला कधी कोणी विचारलंच नाही. मीही नाही, आणि मी तर स्वतःच्या नंबरासाठी रडत होते! आज विचारलं तर म्हणते, “मला मेलीला काय जमणार ते?” जमतं की नाही ते कळायला आधी घोडा दाबावा लागतो ना!

रिपेअरिंगवाल्याकडे एक जुना चौदा इंची टीव्ही धूळ खात पडला होता. घासाघीस करून आणलाय. काल त्यावर लेकीने पहिलं बदक पाडलं, धाकट्याने तिच्या नावाने बोंब ठोकली, “आता माझा नंबर!” आधी आजीचा, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. आजी नको नको म्हणत चष्मा शोधायला उठली.

भाऊबीजेला दादा येतोय. बंदूक माझ्याकडे राहील, त्याला रिमोट. हवी तेवढी बटणं दाब म्हणावं.