छोट्या केंद्रांना जागा हवी

नरक चतुर्दशीच्या पहाटे आकाशवाणीवर नरकासुरवधाचं कीर्तन ऐकत ज्यांनी अंगाला उटणं लावलं, त्यांना रेडिओचं मोल सांगायला नको. यंदाचा अंक रेडिओला वाहिला आहे. त्यात आम्हाला आस्था आहे ती शंभर वॉटच्या छोट्या सामुदायिक केंद्रांची. माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे. तिथल्या बाया आपल्याच बोलीत आपल्याच गावांशी बोलतात. हा आवाज पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि जायची गरजही नाही.

एफएमवर प्रत्येक केंद्राला स्वतःची फ्रीक्वेन्सी आणि स्वतःचा ट्रान्समीटर लागतो. मोठ्या शहरात फ्रीक्वेन्सी संपल्या की नव्या माणसाने कितीही जीव तोडला तरी उपयोग नाही. ब्रिटनमधल्या डिजिटल रेडिओत दीड मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात, एकाच ट्रान्समीटरवरून वीसेक केंद्रं एकत्र जातात. वीज, मनोरा, देखभाल सगळं वाटून घेता येतं.

तरीही तिथे ही सोय बराच काळ बड्यांच्याच कामाची होती. ट्रान्समीटरचं जाळं अख्ख्या परगण्यासाठी उभारलेलं. गावापुरतं बोलणाऱ्यानेही भाडं भरायचं ते परगण्याचं. मार्ग काढला तो ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेतल्या राशिद मुस्तफा या अभियंत्याने. साधा संगणक, फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर आणि छोटा ट्रान्समीटर एवढ्या सामग्रीवर २०१२मध्ये ब्रायटनला त्याने डिजिटल प्रक्षेपण करून दाखवलं. २०१५मध्ये दहा ठिकाणी चाचण्या झाल्या, २०१७मध्ये कायदा झाला, २०२०पासून परवान्यांसाठी अर्ज मागवले जाऊ लागले. आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली एक अट: प्रत्येक छोट्या मल्टिप्लेक्सवर, म्हणजे अनेक केंद्रं एकत्र नेणाऱ्या प्रक्षेपणावर, सामुदायिक केंद्रांसाठी काही जागा राखूनच ठेवायची. स्वस्त यंत्राने दार उघडलं खरं, पण ते बड्यांनी पुन्हा लावून घेऊ नये याची तजवीज या अटीने केली.

आपल्याकडे ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२५मध्ये खासगी डिजिटल रेडिओच्या शिफारशी केल्या, त्या चार महानगरं आणि नऊ मोठ्या शहरांसाठी. मुंबई, पुणे, नागपूर त्यात आहेत, म्हसवड नाही. सुरुवात शहरांतून होणं समजू शकतं. पण नियम पहिल्यांदा लिहिले जातात तेव्हाच छोट्यांची जागा ठरली पाहिजे. मागाहून मागायला जाणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलंच येतं.

एफएम बंद करायची घाईही नको. शेतावरच्या बाईकडे डिजिटल सेट नसेल तर उत्तम प्रक्षेपणही तिच्यासाठी मुकंच. नॉर्वेने २०१७मध्ये राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून हलवल्या, तेव्हाही बहुतेक स्थानिक केंद्रांना एफएमवर राहू दिलं. आमची सरकारकडे मागणी एवढीच: डिजिटल धोरणात सामुदायिक केंद्रांचा वाटा आजच लिहून ठेवा, आणि परवडणारे सेट घरोघरी पोचेपर्यंत त्यांच्या एफएमला हात लावू नका.