नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे



घराचे कागद घेऊन माणसे आमच्याकडे बहुधा रविवारी सकाळी येतात. आम्ही वकील नव्हे, कचेरीत कारकुनी करणारे आहोत. परंतु आयुष्य कागद वाचण्यात गेल्यामुळे कोणता कागद कामाचा आणि कोणता नुसता जपून ठेवण्याचा, एवढे आम्हास कळते. पुढे वकिलाकडे जायचे तर काय विचारायचे, तेही सांगता येते.

अशाच एका रविवारी एक मावशी आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी पिशवी आणि तिच्यात चार घड्या घातलेले कागद. मावशींनी सत्तावीस वर्षे एका दवाखान्यात आयाची नोकरी केली. यजमान लवकर गेले. २००९ साली निवृत्त झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी एका सोसायटीतील वन रूम किचन घेतले. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर साठेखत आणि सोबत कुलमुखत्यारपत्र, दोन्हींवर नोटरीचा लाल शिक्का. एजंट म्हणाला, "मावशी, नोटरी झाली म्हणजे झालं. रजिस्ट्रेशनला उगाच पैसे कशाला घालवता?" मावशींना ते पटले, कारण पैसे उरलेच नव्हते.

बारा-चौदा वर्षे काहीच अडले नाही. मध्यंतरी विकणारे गृहस्थ वारले. मग इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि त्यांचे दोन मुलगे दारात उभे राहिले. म्हणाले, "शेअर सर्टिफिकेट आमच्या वडिलांच्या नावाचं आहे. नवी खोली आम्हाला मिळणार."

मावशींनी आम्हास विचारले, "दादा, एवढा लाल शिक्का आहे. पैसे दिले, ताबा घेतला, मेंटेनन्स भरला. मग खोली माझी नाही का?"

हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. आपल्या वस्त्यांतून आणि चाळींतून शेकडो घरे अशाच कागदांवर उभी आहेत. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

नोटरी काय करते? हा कागद अमुक माणसाने माझ्यासमोर सही केला, एवढीच तिची साक्ष. घर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते ते नोटरीने नव्हे, नोंदणीने. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करावी लागते. शंभर रुपयांत आज घराची कडीसुद्धा येत नाही, म्हणजे प्रत्येक घर या नियमात आले. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त तेथे हजर करावा लागतो.

कुलमुखत्यारपत्राचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले की, मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र अशा कागदांची जोडी करून घराची मालकी बदलत नाही. शिवाय साधे मुखत्यारपत्र ते देणारा माणूस वारला की सहसा संपते. साठेखतावर ताबा घेतलेल्या माणसाला कायद्याने थोडे संरक्षण दिले आहे खरे. पण २००१ सालच्या दुरुस्तीपासून तेही साठेखत नोंदलेले असेल तरच मिळते.

आणखी एक गैरसमज. लाईटचे बिल, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड किंवा आधारकार्डावरचा पत्ता यांनी मालकी सिद्ध होत नाही. तुम्ही तेथे राहता, एवढेच त्यातून दिसते. हे कागद जपून ठेवावेत, प्रसंगी पुरावा म्हणून उपयोगी पडतात. पण त्यांच्या भरवशावर घर विकत घेऊ नये.

घर घेताना विसार देण्यापूर्वी एवढे करा. विकणाऱ्याच्या नावाचा नोंदणीकृत दस्त आणि सूची क्रमांक दोनचा उतारा पहा. सोसायटी असल्यास शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. कर्जाचा बोजा आहे का ते विचारा. मूळ दस्त दाखवायला कोणी टाळाटाळ करू लागला तर तो बहुधा बँकेत असतो. पैसे चेकने किंवा बँकेतून द्या. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर असेल तर ठरावीक मुदतीपर्यंत ते विकता येत नाही आणि पुढेही प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून आधी त्या कार्यालयात चौकशी करा. नव्या इमारतीत घर घेत असाल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक पहा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदविल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

मुद्रांक शुल्क जड वाटते, हे आम्हीही भोगले आहे. पण महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावाने खरेदी केल्यास शुल्कात एक टक्का सवलत आहे. तेवढ्याने नोंदणीचा खर्च थोडा हलका होतो आणि घरही घरच्या लक्ष्मीच्या, म्हणजे राबणाऱ्या बाईच्या नावावर होते.

आता भाड्याने राहणाऱ्यांविषयी. यांचे प्रश्न अधिक येतात.

"अकरा महिन्यांचाच करार आहे, त्याला नोंदणी कशाला?" असे घरमालक सांगतो. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा असून तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. असा करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. आता ही नोंदणी ऑनलाइनही होते. डिपॉझिटची रक्कम करारात लिहून घ्या आणि बँकेतून द्या. हातात दिलेले डिपॉझिट परत मागताना तोंडे फिरतात.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर सोडावेच लागते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि जास्त राहिलेल्या दिवसांसाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. शाळेचे वर्ष मध्ये येत असेल तर मुदत संपण्यापूर्वीच नवा करार करून घ्या.

जुन्या चाळीतील पागडीचे भाडेकरू निराळे. त्यांना संरक्षण जास्त आहे. कायद्याने होणारे भाडे भरत राहिलेल्या भाडेकरूला मालकाला वाटेल तेव्हा काढता येत नाही, न्यायालयात कारण दाखवावे लागते. भाडे थकले तरी लेखी नोटीस दिल्यापासून नव्वद दिवस थांबल्याशिवाय त्या कारणाने दावा लावता येत नाही. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. योग्य कारणाशिवाय पाणी किंवा वीज तोडणे बेकायदा आहे. मालक भाडे घेत नसेल तर गप्प बसू नका. तो घेईना म्हणून तुम्ही भरले नाही, याचा तो पुढे "भाडे थकवले" असा अर्थ लावतो. बँकेतून पाठवा आणि पुरावा ठेवा.

"बारा वर्षे राहिलं की घर आपलं होतं ना?" हा तर नेहमीचा प्रश्न. होत नाही. मालकाच्या परवानगीने, भाडे देऊन राहणारा माणूस कितीही वर्षे राहिला तरी नुसत्या वर्षांच्या जोरावर मालक होत नाही. म्हणून भाडेकरूने या भ्रमात राहू नये आणि आपली एक खोली भाड्याने देणाऱ्या विधवा बाईने या भीतीने ती रिकामी ठेवू नये. करार नोंदवावा, निर्धास्त व्हावे.

आता पुन्हा मावशींकडे येऊ.

आम्ही त्यांना एका वकीलबाईंकडे नेले. त्यांनी कागद पाहून सांगितले की, वारसांनी नकार दिल्यापासून तीन वर्षांच्या आत करार पुरा करून मिळावा म्हणून दावा लावता येईल. अर्धी रक्कम चेकने दिलेली होती, मेंटेनन्सच्या पावत्या मावशींच्या हातच्या होत्या, एवढा आधार होता. पण दाव्याला वर्षे लागतात आणि मावशींचे वय सत्तरीपुढचे. म्हणून आधी बोलून पहावे असे ठरले.

दोन्ही भावांनी वरून रक्कम मागितली. बोलणी एका आकड्यावर आली तेव्हा थोरला म्हणाला, "सह्या आम्ही दोघं आणि आई करू. बहिणीला मध्ये आणू नका. तिचं लग्न झालंय."

येथे आम्हास थांबावे लागले. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. नावात हिंदू असले तरी त्याच्या कलम २ प्रमाणे तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. बापाने स्वतः कमावलेले घर त्याने मृत्युपत्र न करता मागे ठेवले, तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास आई, यांना सारखा वाटा मिळतो. लग्न झाल्याने मुलीचा वाटा जात नाही. पुष्कळांना वाटते की मुलींचा हक्क २००५ साली आला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला आणि राहत्या घराचे वाटप मागण्यास तिला असलेली आडकाठीही काढली. बापाच्या स्वकष्टाच्या घरातील वाटा मात्र १९५६ पासूनच आहे. स्त्रियांच्या या हक्कांसाठी मांडलेले हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण सभेत सांगतो. दस्तावर सह्या करताना मात्र विसरतो.

बहिणीची सही नसती तर मावशींचा नवा दस्तही अपुराच राहिला असता. म्हणून निरोप धाडला. ती जालन्याहून रात्रीच्या गाडीने आली. कार्यालयात अंगठा दिला, सही केली. तिने स्वतःसाठी काहीच मागितले नाही. एवढेच म्हणाली, "बाबांनी यांच्याकडून पैसे घेतले होते. मी चहा केला होता त्या दिवशी."

दस्त नोंदला गेला. भावांना रक्कम द्यावी लागली, आजच्या किमतीवर मुद्रांक शुल्क भरावे लागले आणि मावशींच्या पाटल्या गेल्या. २००९ साली जे वाचले असे वाटले होते, त्याच्या कितीतरी पट गेले.

परत येताना रिक्षात मावशी म्हणाल्या, "आता सोसायटीत पोराला नॉमिनी करते. म्हणजे माझ्यामागं भानगड नको."

आम्ही सांगितले, मावशी, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खरे वारस ठरेपर्यंत सोसायटीने ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस. सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे प्रकरण घातले, त्यात नॉमिनीच्या आधारे मिळणारे सभासदत्व तात्पुरतेच म्हटले आहे. तुमच्यामागे मुलगा आणि मुलगी दोघांचा हक्क सारखा. काही वेगळे करायचे असेल तर मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, हे बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली.

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती जालन्याची पोर रात्रभर बसून आली. माझी पण आली असती. दोघांच्या नावानं लिहा."

बंधु-भगिनींनो, येत्या रविवारी ट्रंकेतला तो कागद बाहेर काढा. त्यावर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाचा दस्त क्रमांक आहे की नुसता नोटरीचा शिक्का, एवढे पहा. नुसता शिक्का असेल आणि विकणारा हयात असेल, तर उद्याच त्याच्याकडे जा. मागून वारसांच्या दारी जाण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.