गाडीतला केर आणि आपला यत्नाचार



स्वयंपाकघरात आपण किती जपतो! पाणी गाळून भरतो, पीठ चाळून घेतो, डाळ-तांदूळ निवडतो, गॅस पेटवण्याआधी शेगडी झटकून बघतो. रात्री ओट्यावर खरकटं राहू देत नाही. आणि त्याच आपण गाडीत बसलो की मागच्या सीटवर मुलांच्या हातात फरसाणाची पुडी देतो, ती सांडते, आणि "सर्व्हिसिंगला दिली की निघेल सगळं" म्हणून दार लावून मोकळ्या होतो. सर्व्हिसिंग येतं सहा महिन्यांनी.

माझं मत विचाराल तर गाडी ही घराचीच एक खोली आहे. ओट्याला जो नियम, तोच तिला. गाडी चकचकीत असावी असं मी म्हणत नाही. शेजारणीच्या गाडीपेक्षा आपली जास्त चमकावी म्हणून तासभर पॉलिश घासत बसणं हा परिग्रहाचाच एक प्रकार आहे. आणि दशलक्षणातला उत्तम शौच धर्म म्हणजे लोभ सोडणं, गाडी धुणं नव्हे! बाहेरून चार दिवसांची धूळ असली तरी माझी काही तक्रार नाही. माझं बोलणं आतल्या केराबद्दल आहे, कारण केरामागोमाग जीव येतात.

पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार आपण सगळ्याच शिकलो. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे सुटत नाहीत, पण संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायचीच. झाडताना-पुसताना काळजी घेऊनही एखादा जीव दुखावला तर ती आरंभी. पण सीटखाली मुंग्यांची रांग दिसली, दुकानातून फवारा आणला, काचा बंद केल्या आणि बटण दाबलं, तर ती कोणती? आमच्या महिला मंडळात यावर चांगलाच वाद झाला. एकीचं म्हणणं, "घर स्वच्छ ठेवण्यासाठीच ना, मग ती आरंभीच." मला हे पटत नाही. फवाऱ्याचं काम काय ते त्या डब्यावरच लिहिलेलं असतं. तो हातात घेतला तेव्हाच संकल्प झाला.

म्हणून माझा सगळा भर फवाऱ्यापर्यंत वेळ न येऊ देण्यावर आहे. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे. पर्वात रोज एक अध्याय होतो, सातव्या दिवशी आपण ती ऐकतोच. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, हलगर्जीपणा. मुंग्या मारल्या त्या दिवशीचा तो प्रमाद नसतो. पंधरा दिवसांपूर्वी चिक्कीचा तुकडा सीटच्या फटीत गेला आणि "राहू दे" म्हटलं, तेव्हाच तो सुरू झालेला असतो.

आमच्या घरी नियम अगदी साधा आहे. उतरताना कोणाचाही हात रिकामा नसावा. आपापला डबा, बाटली, रुमाल, कागद प्रत्येकाने खाली न्यायचा. शेवटी उतरणाऱ्याने मागच्या सीटवर आणि पायाखाली एक नजर टाकायची. खाल्लं असेल त्या दिवशी लगेच मऊ ब्रशने सीट झाडायची, पायपुसण्या बाहेर काढून हलक्या हाताने झटकायच्या. पाच मिनिटंही लागत नाहीत. आठवड्यातून एकदा सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रुळांत साठलेला केर काढायचा, कारण ब्रश तिथे रोज पोचत नाही. दारांचे कप्पे आणि पुढचा खण त्याच वेळी रिकामे करायचे. लिमलेटच्या चिकट गोळ्या हमखास तिथेच सापडतात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर आधी हाताने झाडून, जीव नाहीत हे बघूनच तो लावावा. आत ओढला गेलेला जीव परत बाहेर येत नाही.

प्रवासात खायचं असेल तर गाडी थांबवून, बाहेर झाडाखाली खावं. कुंभोज बाहुबलीला पहाटे निघालो की दर्शन होईपर्यंत मुलांना भूक लागतेच, पण दहा मिनिटं थांबायला काय हरकत आहे? तान्हं मूल, आजारी माणूस, मुसळधार पाऊस असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मांडीवर जुनी चादर पसरावी आणि उतरल्यावर ती बाहेर झटकावी.

आणि समजा, मुंग्या आल्याच, तरी मार्ग आहे. आधी खाण्याचा तुकडा शोधून बाहेर ठेवायचा. पायपुसण्या काढून, गाडी सावलीत उभी करून चारही दारं उघडी ठेवायची. उन्हात बंद गाडी ठेवू नका, आत भट्टी होते. खायला काही उरलं नाही की मुंग्या हळूहळू निघून जातात. मग त्यांच्या वाटेवर साबणाच्या पाण्यात पिळलेला फडका फिरवायचा, म्हणजे वासाची खूण पुसली जाते आणि दुसऱ्या त्या वाटेने येत नाहीत. गाडी कुठे उभी राहते तेही बघा. चाकाजवळच मुंग्यांचं बीळ असेल तर त्या टायरवरून वर चढतात. तेव्हा बीळ बुजवू नका, गाडी चार हात सरकवा.

पावसाळ्यात जास्त सांभाळावं लागतं. नेमका चातुर्मास! ओली छत्री आणि चिखलाच्या चपला यांनी पायाखालचा गालिचा भिजतो, दोन दिवस बंद राहिला की कुबट वास येतो आणि बुरशी धरते. बुरशीत अनंत जीव असतात हे आपल्याला नव्याने सांगायला नको. ती धरल्यावर काय करायचं यापेक्षा धरूच नये हे पाहायचं. छत्रीसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी, पायाखाली जुनी वर्तमानपत्रं (ती रोज बदलायची), आणि पाऊस उघडला की तासभर काचा खाली. सुगंधी डबी टांगून कुबट वास झाकणं मला तरी फसवणूक वाटते.

धुण्याबद्दल थोडंसं. नळी लावून गाडी धुण्यात पाणी किती वाहून जातं ते कोणी मोजत नाही. एक बादली गाळलेलं पाणी आणि दोन फडके पुरतात. गाळलेलं पाणी ४८ मिनिटांच्या आत वापरायचं हा नियम इथेही पाळता येतो, उलट त्यामुळे काम रेंगाळत नाही. फक्त कोरड्या धुळीवर फडका घासू नका, रंगावर चरे पडतात.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. गाडी पुसायला 'शॅमॉय' म्हणून जो पिवळसर मऊ तुकडा मिळतो, तो मूळचा मेंढीच्या किंवा बकरीच्या कातड्याचा. आता कृत्रिम पुष्कळ मिळतात, पण विचारून घ्या. काही मऊ ब्रशांचे केस डुकराचे असतात, काही पॉलिशांत मधमाश्यांचं मेण असतं. आपण मध सोडतो आणि मेण गाडीला फासतो, हे बरं दिसत नाही. घरातला जुना सुती पंचा सगळ्यात उत्तम. सीट आणि स्टिअरिंगचं कव्हर घेतानाही 'लेदर' म्हणजे खरं कातडं की रेक्झिन, हे दुकानदाराला सरळ विचारावं. आपण याच गाडीतून चौक्याचं सामान नेतो, बस्तीत जातो.

डॅशबोर्डवरच्या भगवंतांच्या प्रतिमेबद्दलही बोलते, राग मानू नका. तिच्यावर महिनाभराची धूळ आणि शेजारी टोलच्या पावत्या, हा अविनय आहे. रोज स्वच्छ ठेवणं जमत नसेल तर ती काढून घरी ठेवावी. णमोकार मंत्र मनात म्हणायला प्रतिमा लागत नाही.

आणि मुख्य मुद्दा. हे सगळं बाईनेच करायचं असं मी मुळीच सांगत नाही. घरातल्या कामांत आणखी एका खोलीची भर पडली तर आपल्यापैकी कोणाला हवी आहे? यत्नाचार हा श्राविकेइतकाच श्रावकाचाही. स्टिअरिंग ज्याच्या हातात, ब्रशही त्याच्या हातात. आमच्याकडे ह्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, आता ब्रश कुठे ठेवलाय हे मलाच त्यांना विचारावं लागतं. मुलांकडे एकच काम आहे, निघण्याआधी गाडीखाली वाकून बघणं. थंडीत मांजरीची पिल्लं चाकावर, कधी बॉनेटच्या आतही जाऊन बसतात, म्हणून बॉनेटवर दोन थापा मारायच्या आणि मिनिटभर थांबायचं. धाकटीला या कामाचा भारी अभिमान आहे. परवा शेजारच्या काकांची गाडी सुरू व्हायच्या आधी तिने त्यांनाही थांबवलं होतं.