कुलूप गाण्याला, गायकाच्या हाती काय?

भिलाईजवळच्या गणियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी देशोदेशी नेली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषणही मिळाले. परंतु त्यांना महिन्याकाठी शाश्वत वेतन दिले ते भिलाई पोलाद कारखान्याने, म्हणजे सार्वजनिक क्षेत्राने. ध्वनिमुद्रणाचा धंदा करणाऱ्या कंपन्या कलावंतांच्या कैवाराची भाषा बोलू लागतात, तेव्हा याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

चोरट्या प्रतींमुळे कलावंत उपाशी मरतो, हा या कंपन्यांचा जुना कांगावा. त्यावरचा त्यांचा तोडगा म्हणजे डिजिटल कुलूप: विकत घेतलेले गाणे ठराविक यंत्रावरच वाजावे, त्याची प्रत निघू नये. २००५ साली सोनी बीएमजीने आपल्या तबकड्यांतून ग्राहकांच्या संगणकात गुपचूप सॉफ्टवेअर घुसविले. संगणकांची सुरक्षितता धोक्यात आली, बोभाटा झाला आणि तबकड्या परत घ्याव्या लागल्या. शिक्षा झाली ती दाम मोजणाऱ्याला. चोरटी प्रत घेणारा मोकळाच राहिला! २००९ साली ॲपलनेही आपल्या दुकानातील गाण्यांची कुलपे काढली. व्यापाऱ्यांचाच ज्यावरचा भरवसा उडाला, त्या कुलपाला आपल्या कायद्याने २०१२ साली संरक्षण दिले: हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद.

त्याच दुरुस्तीने चित्रपटांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा सोडून देता न येणारा वाटा मिळाला, हे खरे, आणि तो त्यांनी झगडून मिळविला. पण ज्या गीताचा कर्ता म्हणजे अवघे गाव, त्याचे काय? २००९ च्या ‘दिल्ली-६’ चित्रपटातील गाजलेले गाणे छत्तीसगढी लोकगीतावर बेतलेले होते. गावाचे गाणे उचलले की ती ‘प्रेरणा’. भिलाईच्या कंत्राटी कामगाराने तेच गाणे चिल्लर देऊन मेमरी कार्डात भरून घेतले की ती चोरी!

कार्ड भरून देणारा दुकानदार काही क्रांतिकारक नव्हे; त्याच्या गल्ल्यातील पैसाही गायकापर्यंत पोहोचला नाही. मात्र दाम मोजणारा श्रोता छाप्यांनी घडत नाही. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली, आणि ज्यांनी कधी तबकडी विकत घेतली नव्हती अशी घरे भजने व लोकगीते विकत घेऊ लागली.

आज मोबाईलवर मासिक वर्गणी भरून गाणी ऐकता येतात. पण बहुतेक ठिकाणी ही वर्गणी एका सामाईक थैलीत जाते आणि देशभरात कोणते गाणे किती वाजले, त्या प्रमाणात वाटली जाते. भिलाईच्या श्रमिकाने महिनाभर केवळ पंडवानी ऐकली, तरी त्याच्या पैशाचा मोठा हिस्सा मुंबईच्या चित्रपटगीतांकडे वळतो. ज्याने जे ऐकले, त्याचा पैसा त्याच गायकाला मिळावा. करारपत्र गायकाला समजेल अशा भाषेत असावे. लोकगीत घेणाऱ्याने मूळ गायकांची आणि प्रदेशाची नावे छापून त्यांचा वाटा द्यावा. कंपन्यांनी आधी हे हिशेब खुले करावेत. मग श्रोत्याकडे दाम मागावे.