तोट्यातली कंपनी आणि पोटगी

पोटगीच्या दाव्यांत एक वाक्य आम्हा कार्यकर्त्यांच्या कानांवर हटकून पडतं : ‘कंपनी तोट्यात आहे.’ नवऱ्याची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असते. तिचं नफा-तोटा पत्रक कोर्टापुढे येतं, शेवटच्या ओळीत तोटा दिसतो आणि बाई खचते. पुष्कळदा तिच्या बाजूने उभ्या असलेल्या आपणही गप्प होतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या शेवटच्या ओळीच्या वरच्या ओळी आपण वाचायला शिकलं पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. तिचा तोटा म्हणजे मालकाची गरिबी नव्हे. संचालक म्हणून तो घेतो तो पगार, कंपनीच्या नावावरची गाडी, पेट्रोल हे सारं ‘खर्च’ म्हणून आधीच वजा झालेलं असतं. शिवाय घसारा असतो. दहा लाखांचं यंत्र घेतलं, तर ती किंमत पुढच्या काही वर्षांत वाटून दरवर्षी खर्ची टाकतात; त्यापायी त्या वर्षी रोकड बाहेर जात नाही. ताळेबंदात आणखी काही सापडतं : मागच्या वर्षांचा न वाटलेला नफा, बँकेतली शिल्लक, संचालकाने कंपनीला दिलेलं कर्ज. ते कर्ज कंपनीचं देणं असलं तरी त्याचं येणं असतं.

उलटही घडतं. कागदावर नफा असतो, पण गिऱ्हाइकांकडची उधारी वसूल झालेली नसते. खरोखर बुडालेल्या कंपन्याही असतात. म्हणून नुसता संशय उपयोगाचा नाही, वाचन हवं.

वाट मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात, पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं बजावलं. कंपनी निबंधकाकडे दाखल झालेले ताळेबंद २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कुणालाही शुल्क भरून पाहता येतात.

आपल्या कायदा शिबिरांत कलमं शिकवली जातात. त्यांच्या जोडीला ताळेबंदासाठीही एक सत्र ठेवायला हवं. बचत गटाची जमा-खर्चाची वही चोख ठेवणाऱ्या बायकांना हे जड जाणार नाही. हिशेब बाईला कळत नाही, या समजुतीवरच तर ‘तोट्यात आहे’ हे उत्तर आजवर खपत आलं आहे.