वडिलांची बंदूक आणि पुतण्याची हौस



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, भात पोटरीत असताना, दोन दिवसांची रजा काढून मी सिंधुदुर्गात आमच्या गावी गेलो होतो. पडवीत पाऊल टाकतो तो काय, पुतण्याने वर्तमानपत्र पसरले आहे, त्यावर आमच्या वडिलांची बाराबोअरची दुनळी बंदूक दोन तुकडे करून ठेवली आहे आणि हातात एमरी पेपर. दादा बाजाराला गेलेला. वहिनी चुलीपाशी. "काका, आज्यांची बंदूक नवी करतंय बघा," असे पोरगे हसत म्हणाले आणि माझ्या पोटात गोळा आला.

मुलगा आय.टी.आय. झालेला, हाताला कसब आहे. मोबाईलवर त्याने अमेरिकेतल्या एका गृहस्थाला जुने पिस्तूल दुरुस्त करताना पाहिले होते. तिकडे हा छंदच आहे. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले, अमेरिकी लष्कराने 1911 साली स्वीकारलेले आणि 1985 पर्यंत वापरलेले ते पंचेचाळीस बोअरचे पिस्तूल कुणाच्या तरी आजोबांच्या पेटीत सापडते. नातू ते सोडवतो, गंज काढतो, नवी नळी, नव्या स्प्रिंगा, आवडीच्या लाकडाची मूठ बसवतो. तिथल्या केंद्रीय कायद्याने नंबर असलेला सांगाडा तेवढा शस्त्र धरला जातो, बाकीचे भाग लोक टपालाने मागवतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा सुटा भाग हाही शस्त्रच आहे. दुरुस्ती करायलाही परवाना लागतो आणि तो परवाना बंदूक बाळगण्याच्या परवान्याहून वेगळा असतो. हे त्या मोबाईलवर कोण सांगणार?

मी बंदूक उचलून पाहिली. चापाभोवतीच्या लोखंडी कडीवर कोरलेला नंबर होता, त्यातले शेवटचे दोन आकडे घासून पुसट झाले होते. उन्हात तिरपी धरली तेव्हा कसेबसे वाचता आले. शस्त्रावरची ओळखीची खूण पुसणे हा गुन्हा आहे. शिवाय ज्याच्या ताब्यात असे शस्त्र सापडेल, त्यानेच ती खूण पुसली असे कायदा धरून चालतो. तसे नाही, हे त्याने सिद्ध करायचे. परवाना दादाच्या नावावर, म्हणजे अडकला असता दादा. पुतण्याचा पुढचा बेत ऐकून तर मी मटकन खाली बसलो. काजूच्या झुडपांत नळी अडकते म्हणून ती अर्धा फूट कापायची होती त्याला! नळी आखूड करणे याला कायद्यात स्वतंत्र कलम आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पूर्वीपेक्षा कडक झाली आहे.

पोराला मी रागावलो नाही. ज्याच्या नावाचा परवाना नाही त्याच्या हाती बंदूक लागलीच कशी, हा प्रश्न दादाला विचारायचा होता. माजघरात गोणपाटात गुंडाळून खुंटीला टांगलेली बंदूक घरातले कोणीही काढू शकते. ती कुलपात हवी आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात.

गोणपाटाचे आणखी एक. आपल्याकडे चार महिने हवा ओली, त्यात समुद्राकडून खारा वारा. कापडी किंवा चामडी खोळ ओल धरून ठेवते आणि लोखंड आतल्या आत गंजते. पावसाळ्यात बंदूक खोळीबाहेर, कोरड्या कपाटात ठेवावी. हाताळून झाली की कोरड्या फडक्याने पुसावी, कारण घामातले मीठही गंज आणते. मग तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. भरपूर तेल ओतले म्हणजे चांगले, असे नव्हे. बंदूक उभी ठेवली की जादा तेल ओघळत दस्त्यात मुरते आणि तिथले लाकूड काळे पडून मऊ होते. आमच्या बंदुकीचे तेच झाले होते. माझ्या माहितीतले जुने शिकारी नळीचे तोंड खाली करून ठेवीत, ते याचसाठी.

संध्याकाळी दादा आला. प्रकार ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे परवाना, बंदूक आणि लेखी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. झाले ते झाले तसे लिहून दिले. दादाला वाटत होते, आपण होऊन कशाला जायचे? पण परवान्याच्या नूतनीकरणाला बंदूक तपासतातच. तेव्हा सापडण्यापेक्षा आज सांगितलेले बरे, असे मी म्हटले. नशिबाने तोच नंबर नळ्यांच्या खालच्या अंगाला स्वच्छ शाबूत होता. तेथल्या अंमलदाराने तो परवान्याशी ताडून पाहिला, नोंद केली आणि आम्हाला चार शब्द सुनावले. ते आम्ही ऐकून घेतले.

तिथून आम्ही परवानाधारक बंदूक कारागिराकडे गेलो. पुतण्याला मुद्दाम बरोबर घेतले होते, कारण हौस मारायची नसते, तिला वाट दाखवायची असते. कारागीर साठीच्या पुढचा, बोलणे मोजके. त्याने नळ्या उजेडाकडे धरल्या, आतले खड्डे पाहिले, बिजागरीचा खुळखुळा हाताने जोखला. नळीवरचा काळपट थर एका जागी जरासा पुसला तर खाली लाटांसारखी नक्षी! पुतण्याला ती शोभेची वाटली. कारागीर म्हणाला, ही नक्षी कोरलेली नाही, ही जोडणीची आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून ही नळी केलेली. दमास्कस म्हणतात तिला. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब तिने सोसावा अशी अपेक्षाच नाही.

दुसरी गोष्ट त्याने माप लावून दाखवली. काडतूस बसते ती खोली अडीच इंचांची, आणि दादाकडची काडतुसे पावणेतीन इंची. न उडवलेले काडतूस आत बिनबोभाट बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. उडाल्यावर ती दुमड पुढे उलगडते, तिथे जागा अरुंद, आणि दाब वाढतो. म्हणजे काडतूस बसले म्हणून ते योग्य, असे अजिबात नाही. ज्यांच्या घरी आजा-पणजाची इंग्रजी बनावटीची बंदूक आहे त्यांनी एवढी एक तपासणी करून घ्यावीच. दादाने चार वर्षांत त्या नळीतून किती बार काढले ते आठवून तो घामाघूम झाला.

कारागिराने दस्ता सोडवून त्यातले जुने तेल काढले, सैल झालेले खिळे बसवले. लाकूड अक्रोडाचे. त्याला लावले काय, तर आपले जवसाचे तेल! चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड ऊब धरेपर्यंत चोळायचे, वाळू द्यायचे, पुन्हा चोळायचे. असे कित्येक दिवस. हे काम कारागिराच्या देखरेखीखाली, त्याच्याच दुकानात, पुतण्याने केले. जवस तेलाच्या चिंध्यांची गोष्ट सर्वांनीच लक्षात ठेवावी, मग काम बैलगाडीचे असो की दाराचे. तेल भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. चिंधी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून टाकावी.

आता बंदूक देखणी झाली आहे, पण उडवायची नाही. रानडुकरे काही हे जाणत नाहीत. एरवीही पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. दादाने यंदा खालच्या मळ्याला सौरकुंपण घेतले आहे. बंदुकीचा परवाना ठेवावा की ती रीतसर जमा करावी, यावर घरात अजून बोलणी चालू आहेत. वहिनी म्हणतात, द्या देऊन. दादा एवढेच म्हणतो, "बापाशीची वस्तू असा ती." पुतण्या त्या कारागिराकडे शनिवारी-रविवारी जाऊन बसतो. परवा फोनवर विचारत होता, "काका, ह्या कामाचा परवाना काढूक काय काय लागता?" जिल्हाधिकारी कचेरीत चौकशी करून सांगतो, असे मी त्याला म्हटले आहे.